हेल कोणाचो?

मालवणात आलेल्या पाहुण्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: ‘तुम्ही मुसलमान, मग मालवणी इतकी चांगली कशी बोलता?’ मुसलमानाच्या घरात उर्दूच असणार, ही त्यामागची समजूत. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून या समजुतीबद्दल थोडं लिहायला हवं.

इंग्रजांच्या अमदानीत जॉर्ज ग्रियर्सन यांनी हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो तयार केला स्टेन कोनोव या नॉर्वेच्या पंडिताने. पद्धत साधी होती: बायबलातली उधळ्या पुत्राची एकच गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची. आपण आज जिला मालवणी म्हणतो ती तिथे ‘कुडाळी’ आहे. आणि कोकणीच्या त्याच विभागात, तिच्या सोबतीला, दालदी म्हणजे किनाऱ्यावरच्या मुसलमान मासेमारांची बोलीही आहे. दालदींची बोली कोनोवसाहेबांनी हिंदुस्तानीच्या खात्यात टाकली नाही.

उर्दूचा परिणाम आपल्या जिभेवर झालाच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. उर्दूच्या अक्षरमालेत ‘ळ’ नाही. त्यामुळे मराठीतलं ‘बाळ’ लिहायला गेलं की ‘बाल’ होतं, म्हणजे केस! ‘चाक’ म्हणताना पोरं ‘चहा’तला च लावतात. पण हा परिणाम शाळेतून येतो. घरात आजी ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ असंच बोलते आणि तिचा हेल शेजारच्या हिंदू म्हातारीपेक्षा निराळा काढून दाखवणं कठीण. देवगड ओलांडून राजापूरकडे गेलात की ‘माका’ मागे पडून ‘मला’ येतो, तो दोघांच्याही तोंडी.

हेल बदलतो, आणि त्याचा मानही बदलतो. आमच्या लहानपणी मास्तर मालवणी बोललं की दरडावत. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ व्यावसायिक रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले, आणि ज्या हेलाची मुंबईत लाज वाटायची त्याला टाळ्या पडू लागल्या.

इथे मला अमेरिकेतलं एक बेट आठवतं, मार्थाज विनयार्ड. तिथे उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते. विल्यम लबॉव या अभ्यासकाने १९६३ मध्ये दाखवून दिलं की तिथल्या इंग्रजीतला जुना उच्चार विरण्याऐवजी उलट दाट होत होता, सगळ्यांत जास्त मासेमारांत. तरुणांमध्ये ज्यांनी बेटावरच राहायचं ठरवलं होतं त्यांच्या तोंडी तो ठळक, निघून जाणाऱ्यांच्या तोंडी फिका.

तारकर्लीला होडी चालवणारी आपली पोरं पाहा. पर्यटकांशी हिंदी, आणि पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारताना ‘खंय रे?’ इतकं लांबवून, की आजीने तसं कधी म्हटलं नसेल. आणि ज्यांच्या घरात आखाताचा व्हिसा यायचा आहे, ती पोरं दहावीतच स्वच्छ हिंदी बोलू लागतात. माझ्या वर्गात दोन्ही एकाच बाकावर बसतात. ‘ळ’ दोघांनाही मीच शिकवतो.