हंसराजाचे खाणे

हंसराज हा नाजूक नेचा. त्याच्या कुंडीला खत कधी घालावे, हे कळायला मी १८२९ सालच्या लंडनला जातो. डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली. मातीतून नेचा उगवला आणि वरून काही न घालता जवळपास चार वर्षे जगला. भूकच थोडी!

पुढे अशा काचपेट्यांतून नेचे विलायतेत घरोघरी गेले. तिथली वाढ वसंत-उन्हाळ्यातली, म्हणून खतही तेव्हाच. आमच्या चकलांब्यात मे महिन्याच्या झळांत झाड कसाबसा जीव धरते. तेव्हा खताचे क्षार पाने करपवतात. इथे खत मृगानंतर, महिन्यातून एकदा, अगदी पातळ करून. थंडीत बंद. पोत्यात उरलेले १५:१५:१५ मूठभर टाकायचा मोह मात्र आवरा. ते कपाशीचे खाणे.