कर्षण नियंत्रण, पश्चात्-जोडणीचे

कारखान्यात न बसविलेली, चालक चाकांची घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोटारीत नंतर बसविणे (पहा : मोटारगाडी).

ब्यूइक या मोटार कंपनीने १९७१ मध्ये ‘मॅक्सट्रॅक’ ही घसरण रोखणारी आद्य यंत्रणा कारखान्यातूनच दिली. ब्लॅकपूलच्या टीव्हीआर कंपनीने मात्र १९९० च्या दशकात आपल्या मोटारींना अशी सोय दिली नाही. पाच लिटरच्या व्ही-८ एंजिनाची ‘ग्रिफिथ ५००’ ही तिची हलकी मोटार त्यांपैकीच एक. अशा मोटारींसाठी बकिंगहॅमच्या रेसलॉजिक कंपनीने स्वतंत्र संच बनविले.

चारही चाकांवरील संवेदक वेग मोजतात. चालक असलेली मागील चाके पुढील चाकांपेक्षा ठरावीक प्रमाणाबाहेर वेगाने फिरू लागली, की नियंत्रक एकेका सिलिंडरचे इंधन क्षणभर तोडतो. त्याऐवजी ठिणगी तोडल्यास न जळलेले इंधन उत्प्रेरकी परिवर्तकात पोचून त्याची हानी होते. म्हणून रस्त्यावरील मोटारीस इंधन तोडणे अधिक योग्य (पहा : उत्प्रेरकी परिवर्तक). थोडी घसरण राखावीच लागते, कारण डांबरावर कमाल पकड शून्य घसरणीला मिळत नाही (पहा : घर्षण, टायर). गुळगुळीत झालेल्या टायरची उणीव यंत्रणा भरून काढत नाही.

लंडनच्या ईलिंग बरोतील हँगर लेनसारख्या वर्तुळाकार चौकात ओल्या वळणावर वेग घेताना मागची बाजू सुटण्याचा धोका या यंत्रणेमुळे घटतो. ब्रिटनमध्ये मोटारीतील असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. युरोपीय संघात, सहसा कर्षण नियंत्रणासह येणारे स्थैर्य नियंत्रण २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले. त्यामुळे ही जोडणी आता मुख्यतः जुन्या मोटारी व शर्यतींपुरती उरली आहे.