एका ‘च’ची गोष्ट

बदलापूरहून मुंबईकडे निघालेली लोकल अंबरनाथ सोडते आणि उल्हासनगर येतं. इथल्या पत्त्यांत अजूनही ‘कॅम्प नंबर ३’, ‘कॅम्प नंबर ५’ असं लिहितात. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली नव्वद हजारांहून अधिक माणसं राहायला आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीचं नाव उल्हासनगर ठेवण्यात आलं.

घरदार एका झटक्यात गेलेल्या त्या माणसांच्या मनाचं काय झालं असेल? आज हा प्रश्न सहज पडतो. तेव्हा मनाचा दवाखाना म्हटलं की या भागातल्या माणसाला आठवायचं ते ठाण्याचं मनोरुग्णालय, १९०१ पासूनचं. तिथे गेला तो ‘वेडा’. बाकीच्यांनी गप्प बसून कामाला लागायचं. वेडं ठरणं आणि गप्प बसणं यांच्या मधली एक वाट पुढे मराठीत आली. ती आली टपालाने.

त्या वाटेची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये झाली. अल्बर्ट एलिस हा मुलगा तरुणपणी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. १९व्या वर्षी त्याने ठरवलं, की महिनाभर बागेत जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. तो शंभर जणींशी बोलला. भेटायला तयार झाली एकच, आणि तीही आली नाही. पण नकाराने आभाळ कोसळत नाही हे त्याला कळलं आणि भीती गेली. पुढे मानसतज्ज्ञ झाल्यावर, १९५५च्या सुमारास, त्याने याच धाग्यावर उपचारपद्धती उभी केली. घटना थेट आपल्याला दुःखी करत नाही, घटना आणि भावना यांच्या मध्ये आपली एक धारणा असते आणि ती तपासता येते, असं तो सांगू लागला. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात ॲरन बेक नैराश्याचा अभ्यास करताना स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोहोचले. या दोन प्रवाहांतून आजची ‘सीबीटी’ घडली.

महाराष्ट्रात हा विचार रुजवणारं पहिलं मोठं नाव कि. मो. फडके. १९६८ साली त्यांचा एलिसशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो ३६ वर्षं चालला. पानं भरली सुमारे दीड हजार. शंका विचारायची, उत्तराची वाट बघायची, पुन्हा वाद घालायचा. पुढे एलिसच्या संस्थेने फडक्यांना प्रशिक्षक म्हणून मान्यता दिली. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली आणि ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द व्याख्यानांतून, पुस्तकांतून घराघरांत जाऊ लागला. ठाण्याचं नाव काढलं की ज्या गोष्टीची भीती वाटायची, त्याच गावात आता माणसं मनाबद्दल ऐकायला तिकीट काढून जाऊ लागली.

हा विचार मराठीत इतका सहज का बसला? मला वाटतं, आपल्याकडे एक अक्षर तयार होतं. एलिसच्या मते दुःखाचं मूळ इच्छेत नसतं, हट्टात असतं. इंग्रजीत तो हट्ट ‘मस्ट’ या शब्दात राहतो, मराठीत तो ‘च’मध्ये राहतो. ‘मला मेडिकलला प्रवेश मिळायला हवा’ ही इच्छा. ‘मिळायलाच हवा’ हा हट्ट. समजा, बदलापूरच्या एका मुलीला मार्क कमी पडले. पहिल्या वाक्यातून वाईट वाटणं येतं आणि पुढच्या प्रयत्नाची तयारीही. दुसऱ्यातून येतं, ‘मी संपले.’ उपचार करणारी व्यक्ती तिला विचारते, ‘संपलीस, याला पुरावा काय?’ मग गृहपाठ येतो: विचार लिहून काढ, ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करून बघ.

लहान मुलांसोबत एवढी शब्दांची वादावादी चालत नाही. म्हणून तिथे चित्रं, खेळ आणि भीतीची शिडी असते. कुत्र्याला घाबरणारा मुलगा आधी कुत्र्याचं चित्र बघतो, मग लांबून कुत्रा, मग जवळून. आईबाबांनाही शिकावं लागतं, कारण घरातला ‘च’ बहुतेक वेळा त्यांच्याच तोंडून आलेला असतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. सकाळी ७च्या लोकलला बदलापुरात पाय ठेवायला जागा नसते. विचार बदलल्याने डबा रिकामा होत नाही. नोकरी नसणं, घरातली मारहाण हे ‘धारणे’चे दोष नाहीत, आणि ते तसे आहेत असं सांगणारी थेरपी ही थेरपी नव्हे. एलिसलाही राग किंवा दुःख पुसून टाकायचं नव्हतं. संताप आणि साधी नाराजी यांत तो फरक करायचा. नाराज माणूस तक्रारअर्ज लिहू शकतो, संतापलेला शेजाऱ्याच्या अंगावर धावतो. शिवाय आजार तीव्र असेल तर औषधं लागतात. तिथे नुसत्या वादाने भागत नाही.

बराकींतल्या त्या पिढीला यातलं काही मिळालं नाही. त्यांच्या पतवंडांच्या खिशात आज फोन आहे आणि ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची मोफत ‘टेलीमानस’ हेल्पलाइनही आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं. फडक्यांना उत्तरासाठी टपालाची वाट बघावी लागायची. तुम्हाला विठ्ठलवाडी यायच्या आत तो क्रमांक सेव्ह करता येईल.