खुर्ची कुणाला आणि खुर्ची केवढी?

संयोजकांनी आम्हाला दिलेला विषय असा आहे : राजकीय पक्ष आपला अध्यक्ष, किंवा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडतो, तेव्हा इच्छुकांना तोलतो कसा? अमेरिकेतल्या ‘प्रायमरी’च्या बातम्या आपण टीव्हीवर पाहतो. एकेका राज्यात पक्षाचेच मतदार पक्षातल्या इच्छुकांना मतं देतात, आणि रोज नवी उतरंड लागते : पहिला कोण, दुसरा कोण, कोण घसरला. त्यावरूनच हा विषय सुचला असणार. पण सावद्यात बसून हा प्रश्न विचारायचा, तर अमेरिकेला जायची घाई कशाला? फैजपूर इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथूनच सुरुवात करू.

२७ आणि २८ डिसेंबर १९३६. काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन, हे आपल्याकडे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. धनाजी नाना चौधरींनी उपसलेले कष्ट, नंदलाल बोसांनी बांबू नि गावातल्या साध्या साहित्यातून उभं केलेलं टिळकनगर, बैलजोड्यांच्या सजवलेल्या रथातून निघालेली अध्यक्षांची मिरवणूक, हे सगळं आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगावंच. मात्र त्या रथात बसायला पंडित नेहरूच का आले, दुसरं कुणी का नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. आजचा आमचा विषय तो आहे.

त्या काळी निवड व्हायची ती अशी. प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी नावं सुचवायचे, सुचवलेल्यांपैकी काही जण माघार घ्यायचे, आणि उरलेल्यांत मतदान व्हायचं. बहुधा मतदानाची वेळच यायची नाही. नेहरू एप्रिल १९३६ च्या लखनौ अधिवेशनाचे अध्यक्ष होते. तिथल्या भाषणात त्यांनी समाजवादाचा उघड पुरस्कार केला आणि कार्यकारिणीत खळबळ उडाली. जूनअखेरीस सात सदस्यांनी राजीनामे पाठवले. राजेंद्रप्रसाद, वल्लभभाई, राजाजी, कृपलानी, जमनालाल बजाज, जयरामदास दौलतराम, आणि सातवी सही आपल्या शंकरराव देवांची. गांधीजींनी मध्यस्थी केली, राजीनामे मागे घेतले गेले. हेच शंकरराव सहा महिन्यांनी फैजपूरच्या स्वागत समितीचे अध्यक्ष होते. ज्या अध्यक्षाच्या धोरणाविरुद्ध राजीनामा लिहिला, त्याचंच स्वागत करायचं! त्या पिढीला यात विसंगती वाटली नाही, आणि का वाटली नाही ते पुढे कळेल.

फैजपूरसाठी वल्लभभाईंचंही नाव पुढे आलं होतं. संघटना त्यांच्या मुठीत होती. मनात आणतं तर लढत चुरशीची झाली असती. त्यांनी माघार घेतली आणि माघारीचं निवेदन काढलं. पक्षांतर्गत निवडणुकीच्या इतिहासात एवढं नेमकं निवेदन आम्ही दुसरं वाचलेलं नाही. त्याचा आशय असा होता : मी माघार घेतो याचा अर्थ जवाहरलालांची सगळी मतं मला मान्य आहेत असा नाही, काही महत्त्वाच्या बाबतींत आमचे मतभेद आहेत. पण काँग्रेसच्या अध्यक्षाला हुकूमशहाचे अधिकार नसतात. तो एका बांधलेल्या संघटनेचा सभापती आहे, ठरावांची अंमलबजावणी करणारा आहे. कुणालाही निवडलं म्हणून काँग्रेस आपली सत्ता त्याच्या हवाली करत नाही. म्हणून प्रतिनिधींनी जवाहरलालांनाच निवडावं.

वल्लभभाईंनी इथे काय केलं बघा. नेहरू थोर की मी थोर, या वादात ते शिरलेच नाहीत. त्यांनी आधी खुर्ची मोजली. खुर्ची एवढीशी आहे असं म्हटलं, की तिच्यावर मतभेद असलेला माणूसही सुखानं बसवता येतो. उलट त्या वर्षी निवडणुका तोंडावर होत्या, गावोगाव गर्दी खेचणारा माणूस हवा होता, आणि त्या कामाला नेहरूंच्या जवळपास जाणारं कुणी नव्हतं.

आम्ही वर्गात कित्येक वर्षं ॲरिस्टॉटल शिकवला. त्याचा एक साधा दाखला आहे : उत्तम बासरी कुणाला द्यावी? घराणं मोठं असेल त्याला नाही, देखणा असेल त्याला नाही; जो उत्तम वाजवतो त्याला. पोरं वहीत लिहून घ्यायची आणि विसरायची. सावद्याच्या गुरांच्या बाजाराचा दाखला दिला की मात्र विसरायची नाहीत. बैल घ्यायला आलेला शेतकरी ‘बाजारातला सगळ्यात चांगला बैल कोणता’ असं विचारतो का? नांगराला हवा की गाडीला, रान भारी की हलकं, घरी दावणीला आहे त्याच्याशी जोडी जमेल का, हे तो मनात ठरवून आलेला असतो. मग दात बघतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवून बघतो. काम ठरल्याशिवाय क्रम लागत नाही. उमेदवारांच्या याद्या लावणारे हे विसरतात, आणि ‘कोण श्रेष्ठ’ एवढ्यावरच तासन् तास भांडतात.

वल्लभभाईंचं माप खरं ठरलं का? फैजपूरचे अध्यक्ष नेहरू, आणि प्रांतांत मंत्रिपदं घ्यायला त्यांचा विरोध. मार्च १९३७ मध्ये महासमितीनं अटी घालून मंत्रिपदं स्वीकारायचा कौल दिला. जुलैत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ मुंबईत आलंसुद्धा. अध्यक्षाचं मत एक, संघटनेचा निर्णय दुसरा, आणि अध्यक्ष जागेवरच. शंकररावांना स्वागत करताना अवघडल्यासारखं का झालं नसावं, ते आता ध्यानात येईल.

पण मंडळी, ही मापं कायम राहत नाहीत. अडीच वर्षांत तीच माणसं तीच खुर्ची वेगळ्या पट्टीनं मोजू लागली.

१९३८ ला हरिपुऱ्यात सुभाषबाबू बिनविरोध अध्यक्ष झाले. १९३९ साठी ते पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, निवडणूक कार्यक्रमावर होऊ द्या, संघराज्याच्या योजनेला कोण ठाम विरोध करील ते मतदारांनी ठरवावं. वल्लभभाई आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं ते फैजपूरच्या वळणाचंच : धोरण काँग्रेस ठरवते, अध्यक्ष हा सभापती, फार तर घटनात्मक राजासारखा ऐक्याचं प्रतीक. ठीक. पण खुर्ची जर एवढी लहान, तर सुभाषबाबू तिच्यावर आणखी एक वर्ष बसले असते म्हणून काय बिघडत होतं? याचं समाधानकारक उत्तर त्या निवेदनात नाही. मौलाना आझादांनी माघार घेतल्यावर पट्टाभी सीतारामय्यांना उभं करण्यात आलं. २९ जानेवारी १९३९ ला मतं पडली : सुभाषबाबू १५८०, पट्टाभी १३७७. हा पराभव पट्टाभींपेक्षा माझाच अधिक आहे, असं गांधीजींनी जाहीर केलं. त्या एका वाक्यासरशी खुर्ची एकदम मोठी झाली. आता प्रश्न अध्यक्षाचा राहिला नाही, गांधीजी की सुभाष असा झाला. मार्चमध्ये त्रिपुरीला सुभाषबाबू तापानं फणफणलेले, आणि तिथे ठराव झाला की कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. म्हणजे २०३ मतांनी जिंकलेल्या माणसाकडे खुर्चीचं लाकूड राहिलं, अधिकार गेला. एप्रिलअखेर त्यांनी राजीनामा दिला.

इथे अमेरिका एकदा डोकावून बघायला हरकत नाही. १९१२ साली रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरी जिथे जिथे झाल्या, त्यांतल्या बहुतेक थिओडोर रूझवेल्टनं जिंकल्या. शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली टाफ्टला, कारण तिथली संघटना त्याच्या हातात होती. रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून उभा राहिला, दोघेही पडले, विल्सन आला. मतं एकाकडे आणि यंत्रणा दुसऱ्याकडे असली की काय होतं, ते शिकागो काय नि त्रिपुरी काय, सारखंच.

जाता जाता मानवेंद्रनाथ रॉय यांची गोष्ट. नोव्हेंबर १९३६ मध्ये तुरुंगातून सुटले आणि महिनाभरात फैजपूरला हजर. १९४० साली ते आझादांविरुद्ध अध्यक्षपदाला उभे राहिले. आझादांना अठराशेहून अधिक मतं, रॉय यांना १८३. आमच्या विषयातले लोक रॉय यांना आदरानं वाचतात. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री त्यांचे जवळचे सहकारी झाले. विचारवंत म्हणून त्यांचा क्रम कितीतरी वर लागेल. पण इथे बासरी वेगळी होती.

आता स्वातंत्र्यानंतर. १९५० च्या नाशिक अधिवेशनाच्या आधी अध्यक्षपदासाठी तिघे उभे होते : पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी, आणि तिसरे पुन्हा आपले शंकरराव देव. टंडन १३०६, कृपलानी १०९२, देव २०२. बेरीज करा : २६००. निम्मे १३००. टंडन निम्म्याच्या वर गेले ते सहा मतांनी. पाठीशी वल्लभभाई होते, आणि नेहरूंची नाराजी उघड होती. बैलबाजाराच्या भाषेत, टंडन एकटे बघितले तर निष्ठावंत, स्वच्छ, कष्टाळू. पण दावणीला जो होता त्याच्याशी जोडी जमेना. पंतप्रधान एकीकडे ओढणार आणि पक्षाध्यक्ष दुसरीकडे. डिसेंबरात वल्लभभाई गेले. सप्टेंबर १९५१ मध्ये टंडन यांनी राजीनामा दिला आणि नेहरू स्वतःच अध्यक्ष झाले. फैजपूरला जी खुर्ची सभापतीची होती, ती सरकार हातात आल्यावर पंतप्रधानाच्या खुर्चीला जुंपलेली निघाली. हे १९३६ च्या मापात बसत नव्हतं, आणि प्रतिनिधींनी नवं माप घेतलेलं नव्हतं.

आता दुसऱ्या अध्यक्षाकडे, म्हणजे राष्ट्रपतीकडे वळू. तिथे उमेदवार ठरवायचा प्रसंग पक्षावर येतो, आणि तिथली मतपत्रिका क्रमच विचारते : पहिली पसंती कुणाला, दुसरी कुणाला. मे १९६९ मध्ये झाकिर हुसेन वारले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळानं इंदिराबाईंच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं. यशवंतरावांनीही तिथे रेड्डींच्या बाजूनं कौल दिला. उपराष्ट्रपती गिरी अपक्ष उभे राहिले. तिसरे होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. गुणवत्तेची यादी केली तर तिघांत पहिले तेच, असं आमचं मत आहे. ते स्वतंत्र आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर उभे होते. इंदिराबाईंनी विवेकाला स्मरून मत द्या म्हटलं, आणि पक्षाचा अधिकृत उमेदवार वाऱ्यावर पडला.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. जिंकायला हवं होतं ४,१८,१६९. पहिल्या फेरीत कुणीच पोचलं नाही. मग खालचे उमेदवार बाद करून त्यांच्या पुढच्या पसंती मोजल्या. रेड्डींच्या पदरात जवळपास ९२ हजार पडले, गिरींच्या साडेअठरा हजारच. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. लागणाऱ्या आकड्यापेक्षा गिरींना १,९०८ जास्त. देशमुख तिसरे आले खरे, पण त्यांच्या मतदारांनी दुसऱ्या ओळीत काय लिहिलं यावर सगळं लटकून होतं. यादीत खाली असलेल्याला बिनकामाचा समजू नये ते यासाठी.

त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस फुटली, आणि ती अशा पदावरून, ज्याला आपण सगळे शोभेचं म्हणतो. आणि रेड्डी? जे १९६९ ला स्वतःच्या पक्षाला नको होते, ते १९७७ ला बिनविरोध राष्ट्रपती झाले. माणूस तोच. आणीबाणी होऊन गेल्यावर त्या खुर्चीकडून लोकांची अपेक्षा बदलली होती.

आपल्या जळगावच्या प्रतिभाताईंचं नाव २००७ मध्ये आलं तेही आधीची काही नावं मागे पडल्यावर. त्यांना ६,३८,११६ मतमूल्य मिळालं, शेखावतांना ३,३१,३०६. शिवसेना तेव्हा समोरच्या आघाडीत होती, तरी मराठी माणूस म्हणून तिनं ताईंना मतं दिली. खान्देशात तेव्हा पेढे वाटले गेले, आणि पेढे गोडच लागतात. फक्त ‘आपल्याकडची’ हा गुण त्या पदाच्या कामाचा आहे का, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ठरवावं.

शेवटी मतपत्रिकेबद्दल थोडं, कारण तरुण मंडळी मघाशी त्याबद्दल विचारत होती. काँग्रेसच्या घटनेत असं आहे की अध्यक्षपदाला दोनपेक्षा जास्त उमेदवार असतील तर मतदारानं किमान दोन पसंती आकड्यांत लिहायच्या, नाहीतर मत बाद. म्हणजे नुसता आवडता सांगून भागत नाही, दुसरा कोण चालेल तेही सांगावं लागतं. २०२२ मध्ये खर्गे आणि थरूर असे दोघेच होते, तेव्हा पसंतीक्रमाचा प्रश्न नव्हता. तरी आधी सूचना निघाली की आपल्या उमेदवारापुढे ‘१’ लिहा. मतपत्रिकेत खर्ग्यांचा क्रमांकच एक होता. थरूर यांच्या बाजूनं हरकत आली, की यानं घोटाळा होईल, आणि सूचना बदलून बरोबरची खूण करा असं ठरलं. खर्गे ७,८९७, थरूर १,०७२.