कंपवात आणि पाहणारी नजर

मी वैद्य नव्हे, इतिहासाचा पंडितही नव्हे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तरी कंपवाताच्या इतिहासावर बोलण्याचे धाडस करतो. कारण अज्ञानापोटी एक अपराध माझ्या हातून घडला आहे.

आमच्या युनियनमधल्या एका फिटरवर ‘काम टाळतो’ असा ठपका आला. त्याचा उजवा हात मंदावला होता, सही बारीक होत चालली होती, चेहऱ्यावर भाव उमटत नसे. हात मात्र कापत नव्हता. म्हणून मलाही तो आजार वाटला नाही. उलट मी त्याचीच कानउघाडणी केली. दोन वर्षांनी निदान झाले, तोवर नोकरी गेली होती.

मग मी जेम्स पार्किन्सनविषयी वाचू लागलो. १७५५ साली लंडनच्या हॉक्स्टन भागात जन्मलेला हा वैद्य ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने राजकीय पत्रके लिही. मजुरीवाढीसाठी एकजूट करणाऱ्या कामगारांना तुरुंगात धाडू नये, असे त्याने १७९४ सालीच मांडले. त्याच वर्षी राजाविरुद्धच्या कथित कटाच्या चौकशीत प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची जबानी झाली. १८१७ साली त्याने कंपवातावर छोटासा प्रबंध काढला. त्यात रुग्ण अवघे सहा. काही तर त्याला रस्त्यातच भेटलेले, आणि एकाला त्याने नुसते दुरून पाहिलेले! हाताशी यंत्र नव्हते; होती ती माणसाकडे नीट पाहण्याची नजर.

अर्धशतकाहून अधिक काळाने पॅरिसच्या शार्को यांनी या रोगाला पार्किन्सनचे नाव दिले, आणि प्रत्येक रोग्याला कंप असतोच असे नाही, हेही सांगितले. त्यांनी तेव्हा सांगितलेले मला इतक्या वर्षांनीही ठाऊक नव्हते! १९६० साली व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकिएविच यांनी रोग्यांच्या मेंदूत डोपामीन कमी पडते हे दाखवले. १९६७ साली कोट्झियस यांनी डोपा मोठ्या मात्रेत पोटात देऊन गुण येतो हे सिद्ध केले. रोग मुळातून जात नाही. पण औषध आणि व्यायाम यांच्या बळावर पुष्कळजण वर्षानुवर्षे हिंडतेफिरते राहतात.

त्या फिटरच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. पण गेलेली नोकरी क्षमेने परत येत नाही.

११ एप्रिल, पार्किन्सनचा जन्मदिवस, जगभर या रोगाचा दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने एवढेच मागणे आहे. घरात वा कामावर कुणाची हालचाल मंदावली, अक्षर बारीक झाले, चालताना एक हात हलेनासा झाला, तर त्याला आळशी म्हणण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या.