आश्रयाची भाषा

आनेकल हा बेंगळूरू शहर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा तालुका. तो ओलांडला की तमिळनाडूतले होसूर लागते. कन्नडात ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड, पण दोन्ही शब्द जोडले की ‘गारा’ असाही अर्थ होतो. गावचा किल्ला सतराव्या शतकाच्या आरंभी सुगटूरच्या पाळेगारांनी बांधला. आज या तालुक्यात अत्तिबेले, जिगणी, बोम्मसंद्र अशा कारखान्यांच्या वसाहती आहेत, सर्जापुराकडे उंच इमारती उठल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी दारांवर मराठी आडनावे आहेत. माझेही त्यांतलेच. इथे राहू लागल्यापासून मला एक प्रश्न पडत आला आहे. या भागातल्या नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंग घेणाऱ्या, रंगवणाऱ्या, रथ बांधणाऱ्या माणसांना कोण पोसते? आणि पूर्वी कोण पोसत होते?

मराठीत या प्रश्नाला दोन तयार शब्द आहेत: राजाश्रय आणि लोकाश्रय. आपण शिकलेला इतिहास असा की आधी राजे होते, ते गेल्यावर तिकीट काढणारे प्रेक्षक आले आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी अकादम्या आल्या. एक गेले, दुसरे आले. आनेकलात बसून पाहिले तर हे चित्र पटत नाही. इथे सगळे आश्रय एकाच वेळी नांदतात. फरक एवढाच की प्रत्येकाची भाषा वेगळी आहे, आणि त्या भाषेचा हिशेब कोणी फारसा मांडलेला नाही.

सुरुवात बेंगळूरूतल्याच एका मराठी दरबारापासून करतो. १६३८च्या सुमारास विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या हाताखाली केंपेगौडांचे बेंगळूरू घेतले. या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते. पुढे हा मुलूख त्यांची जहागीर झाला आणि बेंगळूरू त्यांचे मुख्य ठाणे. महाराष्ट्रात शहाजीराजांची आठवण बहुतेक शिवाजी महाराजांचे वडील एवढीच राहते. पण १६५०च्या दशकात त्यांच्या दरबारी आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ नावाचा ग्रंथ लिहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो दीर्घ प्रस्तावनेसह १९२२मध्ये छापला. मूळ ग्रंथ संस्कृत, पण त्याचा शेवटचा भाग अनेक भाषांत आहे. नाशिककडचा हा कवी दरबारात आला तेव्हा त्याने राजापुढे बारा नारळ ठेवले, असे तो सांगतो. मला बारा भाषांत रचना करता येते, हा त्याचा अर्थ. मग समस्यापूर्तीचा खेळ रंगतो. कोणी एक चरण टाकतो, दुसरा तो आपल्या भाषेत पुरा करतो, आणि दरबारात वेगवेगळ्या भाषांच्या कवींची हजेरी लागते.

जयराम हा आश्रित कवी होता. तेव्हा त्याने केलेले दरबाराचे वर्णन शब्दशः घेऊ नये. पण आश्रित कवी धन्याची स्तुती कोणत्या गुणासाठी करतो, यावरून त्या धन्याला काय आवडत होते ते कळते. शहाजीराजांची कीर्ती वाढते ती त्यांच्यापुढे बारा भाषा बोलल्या जातात म्हणून, असे जयरामाला वाटले. ज्या मुलखात कन्नड, तेलुगू, तमिळ, मराठी, दखनी सगळे कानावर पडत होते, तिथे आश्रयदात्याला एकच भाषा येऊन भागणारे नव्हते.

शहाजीराजांनंतर हा मुलूख त्यांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांच्याकडे आला. बेंगळूरूच्या मल्लेश्वरम भागात काडू मल्लेश्वराचे देऊळ आहे. त्या देवासाठी एकोजींनी एक गाव दान दिल्याचा १६६९चा शिलालेख तिथे आहे. दक्षिणेतल्या कलेच्या आश्रयाची जुनी रीत या लेखात दिसते. देवळाला जमीन दिली की दिव्यापासून वाजंत्र्यापर्यंत सगळ्यांची सोय तिच्या उत्पन्नातून होई. राजा बदलला तरी जमीन देवाचीच राही.

पण दरबार तसा टिकत नाही. १६७०च्या दशकात एकोजी तंजावरला गेले. १६८७मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बेंगळूरू घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना विकले. बेंगळूरूतला मराठी दरबार इथे संपला. त्याची बहुभाषिक हौस मात्र तंजावरला पोचली. एकोजींचे पुत्र शहाजी दुसरे यांनी मराठीत आणि तेलुगूत नाटके लिहिली. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात पाच भाषा आहेत: संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी. पुढे सरफोजी दुसरे यांच्या काळात सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे रूप आले. त्याच दरबाराशी जोडलेल्या चार भावांनी भरतनाट्यमच्या मैफलीचा आजचा क्रम घडवला. त्या ‘तंजावर चतुष्टया’तला चिन्नय्या पुढे म्हैसूरच्या दरबारात गेला. १८५५मध्ये शेवटचे राजे वारले. त्यांना मुलगा नाही म्हणून कंपनी सरकारने गादी खालसा केली आणि दरबारावर जगणारे कलावंत पांगले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तंजावरजवळ मेलट्टूर नावाचे गाव आहे. तिथला तेलुगू भागवतमेळा आजही देवळापुढे होतो. तो पेशेवर नटांचा नाही, गावातल्या घराण्यांचा आहे. वडिलांनी केलेली भूमिका मुलगा करतो. दरबार बुडाला तेव्हा ज्यांना एकच मोठा धनी होता ते देशोधडीला लागले. ज्यांचे पाय गावात आणि देवळात रोवलेले होते, त्यांचा मेळा कधी क्षीण झाला, पण संपला नाही.

मराठी रंगभूमीचा जन्मही याच पेचातला आहे, आणि त्याची एक बाजू कर्नाटकातली आहे. १८४२मध्ये उत्तर कानडा जिल्ह्यातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला आली आणि त्यांनी यक्षगानासारखे खेळ केले. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना ते आवडले, आणि असे काही मराठीत करा असे त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ झाले. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. मूळ खेळ दुसऱ्या भाषेतून आला, हे सांगायला मात्र अनेकदा विसरतो.

१८५१मध्ये चिंतामणराव वारले आणि भाव्यांचा आश्रय तुटला. डोक्यावर कर्ज होते. तेव्हा त्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले आणि १८५३मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. नाटक मंडळ्यांचा जमाना इथून सुरू झाला, आणि या मंडळ्यांना भाषेची हद्द माहीत नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे गाव बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत स्थापन झाली. इकडे तुमकूरकडची गुब्बी कंपनी १८८४पासून कन्नड नाटके घेऊन गावोगाव फिरत होती. तिकिटाच्या आश्रयाने नाटकाला राजाच्या लहरीतून सोडवले, पण प्रेक्षकांच्या लहरीला बांधले. सिनेमा आला तेव्हा त्या लहरीने नाटकाला काय दिवस दाखवले, ते वेगळे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर संस्थाश्रयाचा काळ सुरू झाला. १९५३मध्ये संगीत नाटक अकादमी, १९५४मध्ये ललित कला अकादमी, मग राज्यांच्या अकादम्या. १९८०च्या दशकाच्या मध्यात केंद्र सरकारने देशभर सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे उभी केली. दक्षिण क्षेत्राचे केंद्र तंजावरला आहे आणि दक्षिण-मध्य क्षेत्राचे नागपूरला. कर्नाटक या दोन्ही केंद्रांचा सदस्य आहे. म्हणजे आनेकलच्या एखाद्या ढोलवाल्याला सरकारी मंचावर जायचे असेल, तर त्याचा कागद एकोजींच्या तंजावरला जाऊ शकतो किंवा भोसल्यांच्याच नागपूरला. हा योगायोग मला गमतीचा वाटतो. या केंद्रांनी अनेक लोककलावंतांना आपल्या राज्याबाहेर पहिल्यांदा नेले, हे त्यांचे मोठे काम आहे. पण मंचावर वीस मिनिटांचा तुकडा सादर होतो. रात्रभर चालणारा विधी तेवढ्यात मावत नाही.

बेंगळूरूत सरकारबाहेरचा संस्थाश्रयही आहे. ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ ही संस्था इथे १९९३मध्ये स्थापन झाली आणि १९९५पासून देशभरातल्या कलावंतांना व संशोधकांना अनुदाने देत आहे. तिच्याकडे प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत पाठवता येतो. ही बाब मला तिच्या अनुदानांइतकीच मोलाची वाटते. २००४मध्ये जे. पी. नगरात ‘रंगशंकर’ हे नाट्यगृह उभे राहिले. ते शंकर नाग यांच्या स्मृतीचे. कन्नड सिनेमात नाव कमावण्याआधी शंकर नाग मुंबईत मराठी नाटकांत काम करत, आणि अरुंधती नाग यांची घडणही तिथल्याच मराठी, गुजराती, हिंदी रंगभूमीवर झाली. नाट्यगृह परवडले पाहिजे आणि तिथे सर्व भाषांची नाटके झाली पाहिजेत, हा आग्रह अशा घडणीतून येतो.

आता आनेकलकडे येतो. गावात धर्मरायस्वामींचे देऊळ आहे आणि तिथे करग होतो. फुलबागा आणि भाजीपाला पिकवणाऱ्या तिगळ समाजाचा हा उत्सव. स्त्रीवेश केलेला पुजारी फुलांनी मढवलेला करग डोक्यावर घेऊन रात्रभर चालतो आणि तलवारी घेतलेले वीरकुमार त्याच्याबरोबर धावतात. द्रौपदीची ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या त्या समाजाने सांभाळली आहे. तालुक्यातली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे हुस्कूरच्या मद्दूरम्मा देवीची जत्रा. आसपासची गावे आपापला तेरु, म्हणजे रथ, बांधतात. लाकूड आणि बांबूचा सांगाडा, वर मजल्यामागून मजले, रंगीत कापड. उंची शंभर फुटांच्या वर जाते. तो बैलांनी, आता ट्रॅक्टरनीही, ओढत शेतांतून देवीपर्यंत न्यायचा. हे शिल्प आहे, वास्तू आहे आणि प्रयोगही आहे. खर्च गावच्या वर्गणीतून होतो.

एप्रिल २०२४मध्ये यातला एक रथ कोसळला. कोणी दगावले नाही. मार्च २०२५मध्ये वादळी वाऱ्यात पुन्हा रथ कोसळले आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर चर्चा झाली ती रथांची उंची कमी करा, परवानगी घ्या, अशी. ती योग्यच आहे. पण माझा प्रश्न आणखी एक आहे. हा रथ बांधणाऱ्याचे ज्ञान कोणत्या संस्थेने नोंदवून ठेवले? सांगाड्याचा भार कसा पेलतो हे तपासायला एखादा अभियंता त्याच्या शेजारी कोणी बसवला? तासाभराच्या अंतरावर इतक्या अनुदान देणाऱ्या संस्था आणि इतकी अभियांत्रिकी महाविद्यालये असताना गावकरी अंदाजावर चालतात, आणि एक गाव दुसऱ्यापेक्षा उंच बांधण्याची ईर्षा करते.

वर्गणीचा आश्रय सगळ्यांत चिवट आहे, हे मेलट्टूर आणि हुस्कूर दोन्ही सांगतात. पण त्याची मर्यादाही इथेच दिसते. वर्गणीतून यंदाचा उत्सव होतो. संशोधन, नोंदी, फसू शकणारा प्रयोग, सुरक्षेची तपासणी यांसाठी वर्गणी मागता येत नाही. प्रादेशिक संस्थांची जागा नेमकी इथे आहे: गाव जे करू शकत नाही तेवढेच करायचे आणि जे गाव करते त्यात लुडबुड करायची नाही. त्यासाठी संस्थेचा माणूस गावात यायला हवा आणि त्याने गावाच्या भाषेत बोलायला हवे. अर्ज कन्नडात चालतो, एवढ्याने भागत नाही. रथ बांधणारा अर्ज करतच नाही.

आणि आम्ही? या तालुक्यातल्या सोसायट्यांत मराठी मंडळी गणपती बसवतात, वर्गणी काढतात, लेझीम आणि ढोलताशा जमवतात. ती सगळी वर्गणी फाटकाच्या आत राहते. ज्या जमिनीवर आमच्या इमारती आहेत, त्या कालपर्यंत शेते होत्या आणि त्यांतून रथ जात होते. जमिनी विकल्या गेल्या तशी वर्गणी देणारी शेतकरी घरे कमी झाली. त्यांच्या जागी आलो आम्ही. शहाजीराजे इथे परमुलखातून आले होते आणि त्यांनी इथल्या भाषांना दरबारात जागा दिली. आमच्यापाशी दरबार नाही. पण जत्रेच्या वेळी गावातली मुले पावतीपुस्तक घेऊन फिरतात, त्यांना फाटकाच्या आत येऊ देणे आम्हाला जमण्यासारखे आहे. पावती कन्नडात असेल. तिच्यावर आपले नाव कसे लिहितात, एवढे तरी शिकून घ्यावे.