धावत्या गाडीचा गारवा

मंडळी, आपल्या भागात आगगाडी उशिरा आली. मुंबई-ठाणे गाडी धावली १८५३ साली. पेणवरून रोह्याला रूळ पोचले ते १९८६ साली. तोवर रेल्वेने उकाड्याशी पुष्कळ झटापट करून घेतली होती.

विलायतेत काळजी उबेची. तिथे इंजिनातली वाफ नळ्यांनी डब्यांत नेत. आपल्याकडे उलट प्रकार. एकोणिसाव्या शतकात वरच्या वर्गाच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून ते ओले ठेवीत. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. घरचा माठ हेच करतो. देशावर ही युक्ती छान चालते. पण कोकणात, जिथे आषाढात धोतर चार दिवस वाळत नाही, तिथे पडदा काय वाळणार आणि गारवा काय देणार? गुरुजींनी हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

१९३४ साली मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा लागला. डब्याच्या तळाशी पेट्यांत बर्फाच्या लाद्या, वर बॅटरीवर चालणारा पंखा. वाटेत ठरल्या स्टेशनांवर नवा बर्फ भरायचा. बर्फ संपला की साहेबही घामाघूम! पुढे यंत्रे आली, आणि १९५६ साली हावडा-दिल्ली अशी सबंध वातानुकूलित गाडी सुरू झाली.

आता या यंत्राला वीज कुठली? बहुतेक डब्यांत चाकांच्या आसावरून पट्टा घेऊन खालचे जनित्र फिरवीत. गाडी धावली की वीज तयार. थांबली की सगळा भार बॅटरीवर. बॅटरी उतरली की गार करणारे यंत्र आधी बंद करावे लागे. आणि आपले रोहे म्हणजे थांबण्याचेच ठिकाण. कोकण रेल्वे इथूनच सुरू होते. रोहे-वीर टप्पा १९९३ साली खुला झाला, सगळा मार्ग १९९८ साली. पण पुढे लोहमार्ग एकच. समोरची गाडी येईतो इकडची उभी. वातानुकूलित डब्याच्या काचा उघडत नाहीत. आतला गारवा गेला की साधा डबा त्याहून बरा!

पुढे जनित्राचे वेगळे डबे आले. रोहे-वीर दुसरा मार्ग २०२१ साली झाला आणि २०२२ साली सबंध कोकण रेल्वेवर विजेची तार पूर्ण झाली. इंजिनाने तारेवरून घेतलेली वीज डब्यांनाही पुरवता येते. मग गाडी उभी असो की धावती.

तरी गणपतीच्या दिवसांत यंत्र दमतेच. बसल्या जागी माणूस सुमारे १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता टाकतो. ७२ जागांच्या डब्यात ५० माणसे जास्त शिरली, तर ५० दिवे जास्त पेटले म्हणायचे. शिवाय दार सारखे उघडे, आणि बाहेरची दमट हवा आत. तिच्यातली वाफ काढण्यातच यंत्राची बरीच ताकद जाते.

दिवा-रोहे गाडीच्या उतारूला मात्र यातले काही नाही. डोक्यावर पंखा, हाताशी खिडकी. श्रावणात ती उघडावी तर पाऊस आत, लावावी तर घाम.